पाणंदवाडीतला जानेवारी

सोमशेखरबद्दल कुणीतरी लिहावं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कुणी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं त्याने काही केलंही नव्हतं म्हणा. मला सवय ऑफिसातल्या टिपण्या लिहायची. तेव्हा कुठे घसरलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

साखर कारखान्यात दोन प्रकारची माणसं असतात, कायम आणि हंगामी. गाळप सुरू व्हायच्या वेळेला हंगामी माणसाला बोलावणं येतं. शेवटची मोळी गव्हाणीत पडली की तो घरी. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, हे त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. सोमशेखर आमच्याकडे १९९४ साली कॉम्प्युटरवर हंगामी म्हणून लागला. त्याचे वडील बसाप्पा त्याच कारखान्यात पॅनवर, म्हणजे साखर शिजते तिथे, उभी हयात हंगामी राहिले आणि हंगामीच घरी बसले. निरोपाचा हारसुद्धा कायम माणसांनाच घालतात. बसाप्पा ज्या वर्षी थकले त्या वर्षी त्यांना बोलावणं आलं नाही, एवढंच झालं.

म्हणून सोमशेखरला ‘ऑर्डर’ पाहिजे होती. कायमची ऑर्डर. दुसरं काही तो मागत नव्हता. कसबा बावड्यात भाड्याच्या खोलीत तो आणि त्याची बायको वर्षाराणी राहायचे. ऑर्डर मिळाली की हे, ऑर्डर मिळाली की ते, असं त्यांचं सगळं पुढे ढकललेलं होतं. पाळणासुद्धा त्यातच होता, असं माझ्या बायकोचं म्हणणं.

मी कारखान्याच्या राजारामपुरीतल्या शहर ऑफिसात क्लार्क होतो. मी कायम. आमच्या ऑफिसात मागच्या बाजूला एक खोली होती. तिथे २००३ साली दुसरं मशीन आणून ठेवलं. कारखान्याचे जे गट, म्हणजे खेड्यांतली उसाच्या नोंदीची ऑफिसं, तिथे एकेक कॉम्प्युटर होता. दिवसभरात शेतकऱ्यांच्या ज्या नोंदी होतील त्यांची नक्कल संध्याकाळी टेलिफोनच्या तारेवरून ह्या दुसऱ्या मशीनमध्ये यायची. गटातलं मशीन बिघडलं तरी नक्कल राजारामपुरीत सुरक्षित. ह्याला सगळे बॅकअप म्हणत.

पहिल्या वर्षी त्यात घोळ झाला. सगळ्या गटांचा पासवर्ड एकच होता आणि तो चहावाल्यालाही पाठ होता. कुणीतरी भलत्याच मशीनवरून एका गटाच्या नावाने नोंदी पाठवल्या. मग पुण्याच्या कंपनीने सांगितलं की प्रत्येक कॉम्प्युटरला सुरक्षेचं सर्टिफिकेट बसवा. मला समजलं ते असं : दुसरं मशीन विचारणार, तू कोण? गटातल्या मशीनने आपलं सर्टिफिकेट दाखवायचं. ते खरं असेल, पाठवणाऱ्या मशीनच्या तारखेला मुदतीतलं असेल, तरच नक्कल आत घ्यायची. नाहीतर दारातून परत. सोमशेखर त्याला दाखला म्हणायचा. मग सगळेच दाखला म्हणू लागले.

हे दाखले तयार करून गटोगट बसवायचं काम सोमशेखरकडे आलं. संचालक उदयसिंह दादा एकदा आमच्या ऑफिसात आले होते, तेव्हा त्याला म्हणाले, “सोम्या, सगळ्या गटांची बॅकअप एकदा रांगेला लागू दे. जनरल मीटिंगच्या आधी तुझी ऑर्डर हातात. मी सांगतोय न्हवं?”

“व्हय दादा.”

“मग तोंड असं का? हस की जरा. का हसायलाबी ऑर्डर पायजे?”

सगळे हसले. सोमशेखरही हसला.

२००४ च्या फेब्रुवारीत तो एम-एटी गाडीवरून फ्लॉप्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गावोगाव हिंडला. पाणंदवाडीला मी त्याच्या मागे बसून गेलो होतो. तिथल्या सामानाच्या यादीवर मला सह्या घ्यायच्या होत्या. पाणंदवाडी त्याचं स्वतःचंच गाव, आणि तिथला गट क्लार्क कृष्णात हा त्याचा शाळेपासूनचा मित्र.

“आता ह्येला दाखला कशाला?” कृष्णात म्हणाला. “ह्यो काय शाळंत जाणार हाय व्हय?”

“तिकडलं मशीन वळख मागतंय. ह्यो दाखवला की आत घेतंय.”

“मग उत्पन्नाचा दाखलाबी दे त्येला. फी माफ हुईल.”

“गप रं. हिकडं बघ. एक ध्यानात ठेव. ह्यो दाखला आजच्या तारखेपास्नं चालू. मशीनची तारीख मागं वढलीस, तर तिकडलं मशीन म्हणणार, ह्यो दाखला अजून जन्मालाच आला न्हाय. परत लावणार.”

कृष्णात माझ्याकडे बघून नुसता हसला.

“वढू नगंस. खरं सांग.”

“न्हाय वढत.”

“घाल आण.”

“आईच्यान न्हाय वढत. झालं? चहा घ्या गणपतराव, ह्यो मला तुरुंगात घालाय आलाय.”

तारखेची ही भानगड सांगायला पाहिजे. आमच्याकडे ज्याची नोंद आधी त्याचा ऊस आधी तुटतो. त्यामुळे नोंदीच्या तारखेला सोन्याची किंमत. पूर्वी क्लार्क हाताने मागची तारीख टाकायचे. त्यावर तक्रारी झाल्या, म्हणून नवीन प्रोग्रॅममध्ये तारीख टाकायची सोयच ठेवली नाही. मशीनच्या घड्याळात जी तारीख असेल ती आपोआप पडायची. चांगला उपाय होता. पण गावात दिवसाचे निम्मे तास वीज नसायची, आणि मशीनच्या आतला घड्याळाचा सेल लवकरच बसला. वीज आली की मशीन भलतीच जुनी तारीख दाखवायचं. सेलची मागणी सोमशेखरने केली होती. ती खरेदी विभागात पडून राहिली. शेवटी त्याने प्रत्येक क्लार्कला घड्याळात तारीख घालायला शिकवलं. दुसरा इलाज नव्हता. आजची तारीख घालता येते तशी मागचीही घालता येते, हे क्लार्क लोकांना शिकवावं लागलं नाही. संचालकांच्या माणसांच्या नोंदी मागे जाऊ लागल्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

त्या दिवशी सोमशेखरने दाखला बसवला, माझ्यासमोर एक नक्कल पाठवून बघितली, राजारामपुरीला फोन करून पोहोचल्याची खात्री केली. येताना गाडीवर तो गाणं गुणगुणत होता. मला मागे नीट ऐकू येत नव्हतं.

मार्चअखेर गाळप संपलं आणि हंगामी माणसं घरी गेली. सोमशेखरही. जायच्या आदल्या दिवशी तो आमच्या मॅनेजरसमोर उभा राहिला.

“साहेब, रोज एक डाव दुसरं मशीन बघाय माणूस पायजे. कुठला गट परत लागला तर कळाय पायजे. मी येत जातो. पगार नको.”

“बिनपगारी माणूस आत घेतला तर युनियन उद्या दारात बसंल,” मॅनेजर म्हणाले. “ऑर्डर झाली की ये. तुझंच हाय ते.”

खोलीला कुलूप लागलं. किल्ली मॅनेजरांच्या ड्रॉवरमध्ये. आत पंख्यासारखा आवाज चालू असायचा, तेवढ्यावरून मशीन सुरू आहे असं आम्ही समजायचो.

वैशाखात पाणंदवाडीच्या माळावर वळीव कोसळला. वीज टेलिफोनच्या तारेवरून ऑफिसात शिरली. तारेला जोडलेला मोडेमचा डबा फुटला, आणि कॉम्प्युटरमधली डिस्क जळून गेली. बातमी आली तेव्हा कुणी घाबरलं नाही. नक्कल राजारामपुरीत आहे, सोमशेखरला बोलवा, एवढंच सगळे म्हणाले.

तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी त्याला इतका ताठ चालताना आधी बघितलं नव्हतं. किल्ली हातात घेताना मला म्हणाला, “बघा गणपतराव, आज कळंल सगळ्यास्नी, कशापायी एवढं केलतं ते.”

मशीनसमोर बसला आणि थोड्या वेळाने त्याचे हात थांबले. पाणंदवाडीची शेवटची नक्कल मार्च संपतानाची होती. त्यानंतर रोज संध्याकाळी पाणंदवाडीचं मशीन दारात आलं होतं आणि रोज परत लावलं गेलं होतं. कारण मशीनने ओळीने लिहून ठेवलं होतं. दाखल्याची मुदत अजून सुरू झालेली नाही. येणाऱ्या मशीनची तारीख जानेवारी. खालच्या ओळीत जानेवारी, त्याच्या खाली जानेवारी. इकडे मे महिना निम्मा झाला होता, आणि पाणंदवाडीत जानेवारी संपतच नव्हता.

 त्याने त्या ओळी छापून घेतल्या.

जळालेलं मशीन आणायला कारखान्याची जीप निघाली तेव्हा मॅनेजरांनी मलाही पाठवलं. कृष्णात ऑफिसच्या पायरीवरच बसला होता. सोमशेखर त्याच्यासमोर उभा राहिला.

“आईची आण घातलीतास.”

“घातलीती.”

“मग?”

“मग काय! वरनं फोन आला तर मी काय करू? दादांची माणसं, दादांच्या पावण्यांची माणसं. एकाचं केलं की दुसरा दारात उभा. सारखी तारीख कुठं म्होरं-मागं करू? वीज आली की जानेवारीच घालायचो. ती इंग्रजी पाटी यायची पडद्यावर, मी ओके दाबायचो.”

“मीटिंग हाय सोमवारी. मी ह्ये कागद दावणार. सगळं सांगणार.”

कृष्णात पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, “सांग की. सांगच. पर आदी घरात जाऊन इचार.”

“कुणाला?”

“तुझ्या अप्पाला. त्येंचीबी नोंद हाय त्यात. पाडव्यानंतर आलते. मीच म्हटलं, अप्पा, जानेवारी पडंल बघा. न्हाय म्हणाले न्हाईत. तुझा बाप म्हणून केलं, सोम्या. आता माझ्याकडं असं बघू नगंस.”

घर जवळच होतं. मी जीपमध्येच थांबणार होतो, पण शांतव्वा, सोमशेखरची आई, बाहेर आली. “पावणं, उन्हात का बसलाय? ताक घ्या,” म्हणाली. मग मला आत जावं लागलं. बसाप्पा भिंतीला टेकून बसले होते. सोमशेखर त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

“अप्पा, उसाची नोंद कवा केलीस?”

“केली की.”

“कवा?”

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग पोराकडे. घरात ते त्याला कानडीत मगा, म्हणजे मुला, असं म्हणायचे.

“दरसालचं हाय मगा. आपला ऊस सगळ्यांच्या शेवटी तुटतोय. वाळून चिपाड हुतंय. उशिरा तुटला की उशिरा लागण. उशिरा लागण, की उशिरा नोंद. परत तुटणार शेवटालाच. त्या चक्रातनं एक डाव भाईर पडावं म्हटलं. कृष्णात देतो म्हणला. घेतली.”

“आणि माझी ऑर्डर?”

“तुझ्या ऑर्डरीचं आणि ह्येचं काय हाय?”

त्यांना खरंच माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? मला स्वतःला ते कळायला दोन-तीनदा ऐकावं लागलं होतं. सोमशेखरने समजावून सांगितलं नाही. तो म्हणाला, “काय न्हाय अप्पा,” आणि ताकाचं भांडं उचललं. शांतव्वा दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. तिला काहीतरी कळलं असावं, कारण तिने जेवायचा आग्रह केला नाही.

जीपमध्ये तो ड्रायव्हरशेजारी बसला. मी मागे, जळालेल्या मशीनशेजारी. 

सोमवारी कारखान्यावर मीटिंग झाली. दुसरं मशीन आमच्या ऑफिसात असल्यामुळे मॅनेजर आणि मी दोघं तिथे हजर होतो. पाणंदवाडीच्या शेतकऱ्यांनी बाहेर गर्दी केली होती. प्रत्येकजण आपलीच नोंद पहिली म्हणत होता. आत उदयसिंह दादा मधल्या खुर्चीत.

“दाखले कुणी बसवले?”

“मी,” सोमशेखर म्हणाला. छापलेले कागद त्याच्या हातात होते, गुंडाळी करून धरलेले.

“पाणंदवाडीचा चालला का?”

“बसवला तवा चालला.”

“मग पुढं का न्हाय?”

 दादा त्या गुंडाळीकडे बघत होते. त्या खोलीत त्यांच्याइतकं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता तो बोलेल. त्याने तोंड उघडलंही. मग बाहेरच्या गर्दीकडे त्याची नजर गेली. तिथे कुंपणाला धरून बसाप्पाही उभे होते. नोंद बुडाली म्हणून तेही आले होते.

“माझ्याकडनं ऱ्हायलं,” सोमशेखर म्हणाला.

दादा खुर्चीत मागे टेकले. “बघा. पोरगं प्रामाणिक हाय. उगंच दुसऱ्यावर ढकलत न्हाय.” मग जरा थांबून म्हणाले, “पर तुम्हीच सांगा, अशा माणसाला कायम कसं करायचं?”

सगळ्यांनी मान हलवली. आमच्या मॅनेजरांनीसुद्धा. विषय संपला, बिस्किटं आली.

पुढे शेतकी विभागाची माणसं पाणंदवाडीच्या शिवारात फिरली आणि ऊस बघून, त्याच्या कांड्या मोजून त्यांनी वय ठरवलं. ज्यांची वट होती त्यांचं वय जरा जास्त भरलं. बसाप्पांचं खरं तेवढंच भरलं, आणि त्यांचा ऊस त्या वर्षीही शेवटी तुटला. बाप-लेक ह्यावर पुन्हा काही बोलले नाहीत, असं कृष्णातने मला एकदा सांगितलं. कृष्णातला काही झालं नाही. तो कायम होता.

ऑक्टोबरात हंगामी माणसांना बोलावणी गेली. सोमशेखरला आलं नाही. तो इचलकरंजीत एका नातेवाइकाच्या ओळखीने यंत्रमागाच्या शेडात लागला. वर्षाराणी एकदा राजारामपुरीत भाजी घेताना मला भेटली. “काका, ह्यांची ऑर्डर नेमकी कुठल्या टेबलावर अडकलीया? तुम्ही जरा बघा की,” म्हणाली. त्याने घरी एवढंच सांगितलं होतं की उशीर होतोय. बघतो म्हणालो मी. दुसरं काय म्हणणार.

त्याच हिवाळ्यात बोर्डाच्या बैठकीत ठराव झाला. बिगरहंगामात दुसऱ्या मशीनकडे बघायला कुणी नव्हतं म्हणून नुकसान झालं, सबब त्यासाठी कॉम्प्युटर सुपरवायझरची एक कायम जागा निर्माण करावी. ठरावाची प्रत आमच्याकडे आली तेव्हा मी दोनदा वाचली. सोमशेखर उभा राहून मॅनेजरांना जे बोलला होता, तेच जवळजवळ त्याच शब्दांत होतं. जागेवर दादांचा भाचा आला.

तो पोरगा वाईट नव्हता. नुकताच शिकून आलेला, आम्हाला वाकून नमस्कार करायचा. पण दाखले कसे करायचे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि पुण्याच्या कंपनीने येण्याचे पैसे मागितले. म्हणून मॅनेजरांनी सोमशेखरला निरोप धाडला. येणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

तो आला. पाळी संपवून सरळ आला होता. केसांत कापसाचे पांढरे तंतू तसेच होते. त्याने शर्टाला हात पुसले आणि भाच्याला शेजारी बसवलं. दाखला कसा तयार करायचा, कुठे ठेवायचा, मुदत संपायच्या आत नवा कसा द्यायचा, एकेक गट घेऊन सगळं दाखवलं. पाणंदवाडीलाही नवं मशीन आलं होतं. त्याचा दाखला त्याने स्वतः केला, आणि भाच्याला म्हणाला, “ह्या मशीनचा सेल आणि तारीख, दोन्हीवर ध्यान ठेवा.”

भाचा लिहून घेत होता. मध्येच मान वर करून त्याने अगदी सरळपणे विचारलं, “तुम्हाला एवढं येतंय, मग हितं तुम्ही कायम का न्हाई झाला?”

मी टेबलावरचे कागद हलवायला लागलो. सोमशेखर पडद्याकडेच बघत होता.

“म्होरलं बघा आता,” तो म्हणाला, आणि पुढचं दाखवू लागला.

काम झाल्यावर मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. गाडीला वेळ होता म्हणून चहा घेतला. तो खाली बघत कप फिरवत होता. मागाच्या आवाजाने कानाला दडा बसला होता त्याच्या. मला मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि मला मोठ्याने बोलायची सवय नाही.

“गणपतराव, एक इचारू?”

“विचार की.”

“त्या पोराला ऑर्डर हातात दिली का हो?”

“दिली.”

“कशी असती? मी कवा बघितलीच न्हाय. अप्पानंबी न्हाय.”

मी आठवून सांगितलं. टाईप केलेली असते. वर कारखान्याचं नाव, खाली शिक्का आणि सही.

“किती पानं?”

“एकच.”

“एकच व्हय,” तो म्हणाला. त्याला ती जाडजूड असेल असं वाटत होतं बहुतेक. मी आणखी काही सांगायला पाहिजे होतं, पण तेवढ्यात इचलकरंजीची गाडी लागली आणि तो कप ठेवून उठला. गर्दीतून आत शिरताना त्याने मागे वळून हात केला. मीही केला. खिडकीशी त्याला जागा मिळाली नाही.